मोत्या, चिकू आणि छडीचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी चिकू आला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका जुन्या स्कूटरच्या कव्हराखाली गावठी कुत्रीला चार पिल्लं झाली होती. त्यातली दोन पावसात गेली, एक वॉचमनने आपल्या गावी नेलं आणि उरलेलं एक माझ्या मुलीने ओढणीत गुंडाळून वर आणलं. "बाबा, फक्त पाऊस थांबेपर्यंत," असं ती म्हणाली होती. पाऊस थांबून बरेच महिने झाले. चिकू आहे.

कुत्रं घरात आलं की पहिले दोन दिवस कौतुकाचे असतात. तिसऱ्या दिवशी त्याने माझी डावी चप्पल खाल्ली. (उजवी शाबूत आहे. कुणाला हवी असल्यास कळवावे.) मग आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारणं, जेवायला बसलं की मांडीवर पाय ठेवणं, गॅलरीतून दूधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणं सुरू झालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय वर्षं ८४, आरामखुर्चीतून हे सगळं बघत होते. अण्णा कऱ्हाडकडच्या एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवायचे आणि निवृत्त झाले ते मुख्याध्यापक म्हणून. त्यांनी दोन शब्दांत निकाल दिला, "दोन रट्टे."

"आजोबा, मारायचं नाही!" मुलगी.

"मग काय आरती करायची?"

आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मला एक सवय आहे. कुठलंही काम अंगावर आलं की मी आधी त्याचा इतिहास वाचायला बसतो. बायकोच्या मते हे काम टाळण्याचं लक्षण आहे, आणि तिचं फारसं चुकत नाही. पण या वेळी वाचता वाचता मी जरा हललो. कारण त्या इतिहासात मला एक जुना कुत्रा भेटला, ज्याच्याबद्दल मी गेली चाळीस वर्षं कुणाशी बोललो नव्हतो. त्याच्याबद्दल शेवटी लिहितो. आधी इतिहास.

माझी समजूत अशी होती की खाऊ देऊन, गोडीगुलाबीने कुत्र्याला शिकवायचं हे अलीकडचं खूळ आहे. पूर्वीचे लोक सरळ मारायचे, मग अमेरिकेत कुत्र्यांचे वाढदिवस साजरे व्हायला लागले आणि त्यातून हे निघालं. ही समजूत साफ चुकीची निघाली.

१८४८ साली इंग्लंडमध्ये हचिन्सन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याचं शिकारी कुत्र्यांबद्दलचं पुस्तक निघालं. त्या काळी इंग्रजीत शिकारी कुत्र्याला तयार करण्यासाठी जो शब्द वापरत, त्याचा सरळ अर्थ 'मोडणं' असा होतो. पुस्तकाच्या नावातही तोच शब्द आहे. पण आतला मजकूर वेगळाच. शिकवणाऱ्याने डोकं शांत ठेवावं, एका वेळी एकच गोष्ट शिकवावी, जमलं की लगेच खाऊ द्यावा, असं हा लष्करातला माणूस सांगतो. चाबूक त्याने पूर्ण टाकला नव्हता, पण ज्याला उठसूट चाबूक लागतो त्याला शिकवता येत नाही, हा त्याचा रोख आहे. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकेत हॅमंड नावाच्या लेखकाने तर 'मोडणं' आणि 'शिकवणं' या दोन शब्दांतलाच फरक मांडला आणि कुत्र्याने काही बरोबर केलं की मांसाचा तुकडा द्या, असं लिहिलं. म्हणजे ही पद्धत माहीत नव्हती असं नाही. माहीत होती. फक्त कुणाला नको होती.

(आपल्याकडचे शब्द बघा. आपण 'वळण लावणं' म्हणतो आणि 'वठणीवर आणणं' असंही म्हणतो. पाण्याला वळण लावतात, अक्षराला वळण लावतात. त्यात मारणं कुठे नाही. आणि तरी 'जरा वळण लावा त्याला' असं कुणी म्हणालं, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप कशाकडे जातो हे आपल्याला माहीत आहे.)

मग विसावं शतक उजाडलं आणि कुत्रा सरकारी नोकरीत लागला. जर्मनीत कॉन्राड मोस्ट नावाचा पोलीस अधिकारी होता. १९०६ पासून तो सारब्रुकेनला पोलिसांची कुत्री तयार करत होता आणि १९१० साली त्याने आपलं पुस्तक काढलं. हा माणूस मला खरोखर कोड्यात टाकून गेला. कुत्रा कसा शिकतो हे त्याला लख्ख कळलं होतं. कृती आणि तिचं फळ यांत क्षणाचाही अवकाश नको, शब्द आधी आणि अनुभव मागोमाग हवा, नुसत्या कौतुकाच्या शब्दालाही खाऊचं मोल येऊ शकतं, हे सगळं त्याने प्रयोगशाळेतल्या लोकांच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं. आणि तोच माणूस त्याच पुस्तकात काट्यांचा पट्टा आणि छडी कशी वापरायची हेही तितक्याच शांतपणे सांगतो. त्याच्या लेखी दोन्ही अवजारंच. पुढे दोन महायुद्धांत हजारो कुत्री लष्करात गेली. लष्करात कुत्र्यांना शिकवणारे लोक युद्ध संपल्यावर घरी आले आणि त्यांनी पाळीव कुत्र्यांचे वर्ग काढले. लष्करातली शिस्त अशी दिवाणखान्यात आली.

पण याच काळात दुसरीकडे एक वेगळीच गोष्ट घडत होती, आणि ती कुत्र्यांची नव्हतीच.

१८९८ साली न्यूयॉर्कमध्ये थॉर्नडाइक नावाच्या तरुण संशोधकाने मांजरांना लाकडी पिंजऱ्यात ठेवून बाहेर मासळी ठेवली. कडी कशी काढायची ते मांजराला आधी कळत नसे. धडपडीत कधीतरी पंजा बरोबर जागी लागे आणि दार उघडे. पुढच्या खेपेला थोडा कमी वेळ, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी कमी. ज्या कृतीचं फळ चांगलं, ती कृती पुन्हा होते. वाक्य इतकं साधं आहे की यात काय मोठंसं, असं वाटावं. पण पुढचं सगळं या वाक्यावर उभं आहे.

त्यावर कळस चढवला स्किनरने. दुसऱ्या महायुद्धात या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकन सरकारपुढे एक अचाट योजना ठेवली : बॉम्बच्या नाकात कबुतरं बसवायची आणि त्यांनी चोचीने लक्ष्याच्या चित्रावर टोचत बॉम्बला दिशा द्यायची! हे काम चालायचं मिनियापोलिसमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. कबुतरं तयार झाली, पण सरकारने योजना गुंडाळली आणि एकही कबुतर युद्धावर गेलं नाही. १९४३ साली मात्र त्या गिरणीत एक गोष्ट घडली. वरून निर्णय येईपर्यंत हाताला काम नव्हतं. एक दिवस स्किनर आणि त्याचे सहकारी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवायला बसले. कबुतर चेंडू ढकलेल आणि मग दाणा देऊ, म्हणून ते थांबले. कबुतर काही ढकलेना. मग त्यांनी ठरवलं, नुसतं चेंडूकडे बघितलं तरी दाणा द्यायचा. मग चोच जवळ नेली की दाणा. मग चोच लागली की दाणा. काही मिनिटांतच ते कबुतर खोक्याच्या भिंतींवर चेंडू आपटत होतं.

हा प्रसंग वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. 'पूर्ण जमेल तेव्हा शाबासकी' आणि 'बघितलंस ना, शाब्बास, आता पुढे' या दोन वाक्यांत आमच्या अख्ख्या पिढीची शाळा मावते. माझ्या शाळेच्या वर्षांत मला दुसरं वाक्य ऐकल्याचं आठवत नाही. असो.

त्या गिरणीत केलर ब्रेलंड हा विद्यार्थी होता, आणि त्याची बायको मॅरियनही स्किनरचीच विद्यार्थिनी. दोघांनी विद्यापीठातला अभ्यास अर्धवट सोडला आणि १९४० च्या दशकात याच तत्त्वावर चक्क व्यवसाय काढला. पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी कोंबड्यांचे खेळ बसवले. पुढे आर्कान्साॅ राज्यातल्या हॉट स्प्रिंग्जला जाऊन १९५५ साली त्यांनी 'आयक्यू झू' उघडलं. तिथे कोंबड्या, ससे, डुकरं, बदकं असे नाना प्राणी लोकांना खेळ करून दाखवत. मारणं कुठेच नाही. कोंबडीला मारून काय शिकवणार? ती मरेल नाहीतर अंडं द्यायची बंद होईल.

त्यांना एक छोटी युक्तीही सापडली होती. दाणा हातातून प्राण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर तो दुसरंच काही करायला लागलेला असतो. म्हणून योग्य क्षणी एक आवाज करायचा, ज्याचा अर्थ 'हेच! आता खाऊ येतोय'. पत्र्याचं टिकटिक वाजणारं खेळणं यासाठी छान. तुमच्यापैकी ज्यांनी जत्रेत पत्र्याचा टिकटिक बेडूक घेतलाय त्यांना नेमकं कळेल. १९५१ साली स्किनरने एका लोकप्रिय विज्ञान मासिकात लेख लिहून ही युक्ती सगळ्यांसाठी खुली केली. घरी बसून आपल्या कुत्र्यावर करून बघा, असा त्या लेखाचा सूर होता.

म्हणजे १९५१ सालीच सगळं छापून आलं होतं. आणि कुत्री शिकवणाऱ्यांनी काय केलं? काहीच नाही. ब्रेलंड दांपत्याने सुरुवातीला आपली पद्धत कुत्र्यांसाठीही देऊ केली होती. पण त्या धंद्यातले लोक फिरकले नाहीत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुत्री शिकवतोय, आम्हाला कोण कोंबड्या नाचवणारे सांगणार?

उलट १९६२ साली अमेरिकेत केलर नावाच्याच, पण दुसऱ्या एका माणसाचं (हे आडनाव, आणि इंग्रजी स्पेलिंगही वेगळं) पुस्तक आलं आणि तुफान खपलं. हा डिस्नेच्या चित्रपटांतल्या जनावरांना शिकवायचा, त्याआधी लष्करी कुत्र्यांबरोबर काम केलेला. कुत्रा अंगणात खड्डा खणत असेल तर तो खड्डा पाण्याने भरा आणि कुत्र्याचं डोकं त्यात धरा, असा उपाय त्या पुस्तकात आहे. मी काही वाढवून सांगत नाही.

याला शास्त्राचा मुलामाही मिळाला. शेंकेल नावाच्या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे बघून १९४७ साली निबंध लिहिला होता. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले की ते वर्चस्वासाठी भांडतात, असं त्यात दिसलं. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० च्या आपल्या पुस्तकात 'अल्फा' लांडग्याची ही कल्पना घेतली आणि ती जगभर गेली. मग तर्क असा : कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यात एक पुढारी असतो, म्हणून घरात पुढारी कोण ते कुत्र्याला दाखवून द्या. १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका मठातल्या साधूंनी कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याचा सल्ला आपल्या पुस्तकात दिला. तोही खूप चालला.

पुढे काय झालं, तर मेकने उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले. तिथे दिसलं ते एक साधं कुटुंब. आई, बाप आणि त्यांची पोरं. पुढारी म्हणजे आईबाप, बस. १९९९ साली त्याने तसं स्वच्छ लिहिलं आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. साधूंनीही २००२ च्या आवृत्तीत आपला सल्ला मागे घेतला. आपलं चुकलं असं छापील सांगणारी माणसं मला फार मोठी वाटतात. (हे वाक्य मी पुढे माझ्यावरच उलटणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.)

मग कुत्र्यांचे दिवस पालटले कसे? तर डॉल्फिनमुळे.

१९६४ साली हवाईतल्या ओआहू बेटावर 'सी लाइफ पार्क' नावाचं जलप्राण्यांचं उद्यान उघडलं. तिथल्या डॉल्फिनना शिकवण्याची जबाबदारी कॅरन प्रायर या तरुणीवर पडली. आता डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही. झटका देता येत नाही. रागावून ओरडलात तर तो शांतपणे पोहत टाकीच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि तुम्ही काठावर बादली घेऊन उभे. तुमच्या हातात फक्त शिट्टी आणि मासे. त्यामुळे तिला स्किनर-ब्रेलंडची पद्धत शिकावीच लागली. वीस वर्षांनी, १९८४ मध्ये, तिने या सगळ्याबद्दल पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात कुत्रा आहे, पण ते खरं म्हणजे माणसांशी, मुलांशी, नवऱ्याशी कसं वागावं याबद्दल आहे. कुत्रेवाल्यांनी ते वाचलं. तोवर कॅलिफोर्नियात इयन डनबार हा इंग्रज पशुवैद्य लहान पिल्लांना मोकळं सोडून, खाऊ आणि खेळ वापरून शिकवायला लागला होता. त्याआधी कुत्रा सहा महिन्यांचा होईपर्यंत सहसा शिकवतच नसत, कारण पट्ट्याचे झटके पिल्लाच्या मानेला सोसत नाहीत! १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोत प्रायरने कुत्री शिकवणाऱ्यांसमोर त्या टिकटिक खेळण्याचं प्रात्यक्षिक दिलं, आणि मग ती पद्धत पसरली.

१९५१ ते १९९२. एकेचाळीस वर्षं. गुपित नसलेली, पैसे न पडणारी, मासिकात छापून आलेली गोष्ट कुत्र्यापर्यंत पोचायला एकेचाळीस वर्षं का लागली?

यावर मी बरेच दिवस विचार केला. कबुतर मारलं तर मरतं. कोंबडी मारली तर नुकसान. डॉल्फिन निघून जातो. म्हणून या सगळ्यांना शिकवताना माणसाला स्वतः शिकावं लागलं. कुत्रा मात्र निघून जात नाही. त्याला मारलं तरी तो परत आपल्याकडेच येतो. ज्याच्या हाताने मार बसला त्याच हाताला चाटायला येतो. आपण इतकी वर्षं त्याला मारत आलो त्याचं कारण एवढंच, की त्याला मारणं परवडतं.

आणि थॉर्नडाइकचा नियम इथे उलटाही लागू पडतो. आपण रट्टा देतो, कुत्रा दबकतो, भुंकणं त्या क्षणी थांबतं. म्हणजे बक्षीस कुणाला मिळालं? मारणाऱ्याला. ज्या कृतीचं फळ चांगलं, ती पुन्हा होते. छडी कुत्र्याला काय शिकवते ते नंतर बघू, ती माणसाला मारायला मात्र हमखास शिकवते.

आता मोत्या.

मी सातवीत असताना आमच्याकडे मोत्या होता. पांढरा, एका कानावर तांबूस ठिपका. तो मुळात अण्णांचा कुत्रा. अण्णा त्याला वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारायचे, फार जोरात नाही, पण नियमित. मला वाटायचं कुत्रं असंच पाळतात. एकदा शाळेच्या क्रीडास्पर्धेच्या आदल्या दिवशी मोत्याने माझे नवे कॅनव्हासचे बूट फाडले. ते बूट मिळवायला मी घरात महिनाभर भुणभुण केली होती. मी शाळेतून आलो तर तो नेहमीप्रमाणे दारात शेपूट हलवत उभा. बूट त्याने सकाळी कधीतरी फाडले होते, आणि आता तो फक्त माझं स्वागत करत होता. मी कमरेचा पट्टा काढला. किती मारलं ते सांगत नाही. तो पळाला नाही, हे मात्र सांगतो. दार उघडं होतं. तो पोटावर सरपटत माझ्याकडेच आला आणि त्याने जागच्या जागी लघवी केली, म्हणून मी आणखी मारलं.

त्यानंतर मोत्या मी शाळेतून यायच्या वेळी दारात उभा राहिनासा झाला. माजघरात पाटाखाली जाऊन बसायचा. मी आल्यावर खूप वेळाने बाहेर यायचा आणि मान खाली घालून पाय चाटायचा. आम्ही म्हणायचो, "बघा, त्याला कळलं आपलं चुकलं ते." आज मला माहीत आहे की त्याला तसलं काही कळलं नव्हतं. बूट आणि पट्टा यांत सहा-सात तासांचं अंतर होतं. कॉन्राड मोस्टसुद्धा सांगेल की इतक्या उशिरा कुत्र्याला काही जोडता येत नाही. मोत्या शिकला ते एवढंच : हा मुलगा दारातून आत येतो तेव्हा जवळ असू नये.

तर चिकूची शिकवणी आम्ही अशी सुरू केली. जत्रेतला बेडूक आता कुठे मिळतो! म्हणून बॉलपेन घेतलं, टिक करणारं. पनीरचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे केले. पहिल्या दिवशी नुसतं टिक-तुकडा, टिक-तुकडा. मग तुकडा नाकासमोरून डोक्यावर नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की त्याच क्षणी टिक. दोन दिवसांत तो बसायला लागला आणि मग अचानक बसून लगेच उठायला लागला. मुलीने बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तू टिक उशिरा करतोयस. तो उठताना करतोयस." म्हणजे मी त्याला इमानेइतबारे उठायला शिकवत होतो. चूक विद्यार्थ्याची नव्हती. गुरुजी कच्चे होते. ही पद्धत शिकवणाऱ्याला फार उघडं पाडते, आणि ती लोकांना नकोशी वाटायचं हेही एक कारण असावं.

उड्यांचं असं केलं : उडी मारली की आम्ही पाठ फिरवायची, चकार शब्द नाही. चारही पाय जमिनीवर आले की लगेच कौतुक. घरातल्या सगळ्यांनी तसंच वागायचं हे सगळ्यात अवघड, कारण बायको पाठ फिरवते आणि शेजारच्या काकू "अगं बाई, किती गोड!" म्हणून त्याला उचलून घेतात. महिना गेला, पण आता बेल वाजली की तो पायपुसण्यावर जाऊन बसतो. निदान चारातल्या तीन वेळा तरी. दूधवाल्याचा प्रश्न अनिर्णित आहे.

हे आमच्या घरचं झालं. पण २००४ साली ब्रिटनमध्ये कुत्री पाळणाऱ्यांची पाहणी झाली, तिच्यात बक्षीस देऊन शिकवलेली कुत्री जास्त ऐकणारी निघाली आणि शिक्षा जास्त तिथे तक्रारीही जास्त. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्गांतली ९२ कुत्री तपासली. झटके-शिक्षा वापरणाऱ्या वर्गांतली कुत्री जास्त ताणाखाली होती, आणि वर्गाबाहेरही ती जास्त निराश वागत होती. पाटाखालचा मोत्या मला तिथे दिसला.

पण खाऊने सगळं जमतं असंही नाही. ते सांगितलं ब्रेलंड दांपत्यानेच, १९६१ साली. त्यांनी एका रॅकूनला नाणी उचलून डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं तो टाकायचा. दोन दिली की टाकेचना. एकमेकांवर घासत बसायचा, मिनिटंच्या मिनिटं, जसा तो ओढ्यातलं खाद्य घासतो तसा. प्राण्याच्या रक्तात जे आहे ते दाण्यापुढे वाकत नाही. गुरूच्या सिद्धान्ताला मर्यादा आहे हे त्यांनी सरळ छापलं. चिकूचा दूधवालाही त्यातलाच असावा.

एका संध्याकाळी मी हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. मोत्याची गोष्ट वगळून. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "म्हणजे लाच देऊनच शिकवायचं."

"अण्णा, तुम्हाला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळायचा, ती लाच होती का?"

ते हसले. बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "सरमेची गोष्ट आठवते का तुला? आदिपर्वातली?"

आठवत होती. जनमेजयाचा यज्ञ चालू असताना तिथे एक कुत्रं येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, जातं. ती विचारते, तू काही अपराध केला असशील. ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे बघितलंही नाही, चाटलंही नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, याने काही केलेलं नसताना का मारलंत? आणि महाभारत सांगतं की ते काहीच बोलले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला, की न दिसणारं भय तुमच्यावर येईल. इतक्या मोठ्या ग्रंथात अगदी सुरुवातीला ही एका कुत्रीची तक्रार आहे. आणि शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचं नाकारतो, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे.

"तीस वर्षं शिकवली ही गोष्ट," अण्णा म्हणाले. "टेबलावर छडी असायची."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मोत्या किती वर्षं होता रे आपल्याकडे?"

"अकरा."

"चांगला होता."

"हो."

मग मी त्यांना पट्ट्याची गोष्ट सांगितली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बापासमोर. ते म्हणाले, "मला माहीत होतं. मी ओसरीवर होतो." आणि पुढे काहीच बोलले नाहीत. मीही नाही.

चिकू तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर झोपला होता. सकाळी मी फिरून आलो तेव्हा बॉलपेन टेबलावर नव्हतं. ते अण्णांच्या खुर्चीच्या हातावर होतं, आणि शेजारी वाटीत सोललेले शेंगदाणे. त्यांनी मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी दारातून आत आलो तेव्हा चिकू दारातच उभा होता, शेपूट हलवत.